विमानाच्या कानात शेंदूर

राजूरला गणपतीच्या देवळासमोर दत्तूभाऊंचं पूजेच्या सामानाचं दुकान आहे. नारळ, हार, पेढे आणि शेंदूर. भोकरदन तालुक्यात कुणीही नवीन गाडी घेतली, मोटरसायकल असो, ट्रॅक्टर असो की मळणीयंत्र, ती आधी राजूरला येते आणि तिला टिळा लावायचा मान दत्तूभाऊंचा. हल्ली मात्र शेंदराचं बोट पुढं करण्याआधी ते मालकाला एक प्रश्न विचारतात.

"ह्याला भोकं कुठं कुठं हायेत?"

लोक हसतात. नव्या ट्रॅक्टरचा मालक तर बावचळूनच जातो. मी एकदा नारळ घ्यायला थांबले होते तेव्हा हे माझ्यासमोर घडलं आणि मला हसावं की भाऊंच्या पाठीवर थाप मारावी ते कळेना. कारण हा प्रश्न कुठून आला ते मला पक्कं ठाऊक आहे. त्या दिवशी मी तिथंच होते. पण आधी माझा धंदा सांगते, म्हणजे पुढची गंमत आणि घबराट दोन्ही नीट कळतील.

मी विमानं दुरुस्त करते. धावड्याच्या शाळामास्तरांची मी मुलगी. आख्खी नोकरी मोठ्या शहरांतल्या मोठ्या विमानांखाली उभी राहून काढली आणि आता निवृत्तीनंतर भोकरदनला घर बांधून राहते. सुट्टीला गावी आले की आमच्या गल्लीत रांग लागायची. कुणी मिक्सर घेऊन यायचं, कुणी विहिरीवरची मोटर. "इमान दुरुस करती तू वंदे, मंग हे काय अवघड हाय तुला?" मिक्सर मला आजतागायत जमलेला नाही. गावात माझी जी काही पत होती ती एका मिक्सरनं घालवली.

आमच्या धंद्यातला सगळ्यात मोठा शब्द म्हणजे उड्डाणयोग्य. लोकांना वाटतं, जे उडू शकतं ते उड्डाणयोग्य. छे! माझा भाऊ मिलिंद याचा ट्रॅक्टर बघा. सीट सुतळीनं बांधलेली, सायलेन्सरला तार, बॅटरीवर वीट. चालतो, आणि झकास चालतो. आमच्याकडे असं चालत नाही. विमान बनवताना ज्या नकाशाला मंजुरी मिळाली, आजचं विमान हुबेहूब तसंच असलं पाहिजे ही पहिली अट. आणि आत्ता, या घडीला, ते उडवायला सुरक्षित असलं पाहिजे ही दुसरी. दोन्हींपैकी एक जरी हुकली तरी ते नुसतं महागडं पत्र्याचं सामान. मिलिंदला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मंग माझा ट्रॅक्टर न्हाई उडत तेच बरंय."

त्याला सर्वांत जास्त राग येतो तो आयुष्य ठरलेल्या भागांचा. काही भागांना कंपनी आयुष्य ठरवून देते. इतकी उड्डाणं झाली की भाग काढायचा. त्याला तडा नाही, गंज नाही, नव्यासारखा चकाकतोय, तरी काढायचा आणि पुन्हा कुणी वापरू नये म्हणून मोडून टाकायचा. "चांगला पार्ट मोडता? हात कसा धजतो तुमचा?" असं तो म्हणतो. धजतो बाबा. तो बिघडल्यावर बदलायची सोय आमच्याकडे नसते, कारण तो बिघडतो तेव्हा खाली रस्त्याची कडा नसते गाडी उभी करायला.

मग स्नॅग. विमानात जो काही दोष दिसला, वैमानिकानं सांगितला किंवा आम्ही शोधला, तो स्नॅग. सगळे स्नॅग सारखे नसतात. वाचायचा दिवा लागत नसला तर विमान जाऊ शकतं, ब्रेकमध्ये दोष असला तर नाही. काय बिघडलेलं चालेल आणि किती दिवस चालेल, हे आधीच शांत डोक्यानं ठरवून ठेवलेलं असतं, म्हणजे ऐनवेळी प्रवाशांच्या आरडाओरड्यात कुणाला शहाणपण सुचायला नको. एकदा मी पंखावरची बारीकशी चीर मंजूर असलेल्या ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीनं झाकत होते. खिडकीतून एका गृहस्थांनी ते पाहिलं आणि आत असा काही गोंधळ घातला की बस्स! बाई सेलोटेप लावतेय, आम्हाला उतरवा. मला आत बोलावलं. मी त्यांना पट्टीचा तुकडा दिला आणि म्हटलं, फाडून दाखवा. गृहस्थांनी दातही लावून पाहिले. शेवटी तो तुकडा आठवण म्हणून खिशात घालून ते शांतपणे बसले.

आणि सगळ्यात शेवटी येतो रिलीज. दुरुस्ती झाली, तपासणी झाली, की परवाना असलेला इंजिनिअर सही करून विमान सेवेत सोडतो. त्याला आम्ही नुसतं रिलीज म्हणतो. सही करण्याआधी मी कायम एक क्षण थांबते. घाबरून नव्हे, मला ते आवडतं म्हणून. सगळी हत्यारं आपापल्या जागी परत आलीत ना, झाकणं बसलीत ना, आणि माझ्या मनात कुठं काही खटकत नाही ना? नसलं की सही. ती सही करताना मला अजूनही पहिल्या दिवसाइतका आनंद होतो.

एक रुखरुख मात्र आहे. माझ्या वडिलांनी मला काम करताना कधी पाहिलं नाही. विमानतळावर आत यायची परवानगी नसते, घरच्यांनाही नाही. एकदा ते धावड्याहून मुद्दाम आले आणि तारेच्या कुंपणाबाहेर उभे राहिले. मी आतून हात हलवला. एवढ्या लांबून त्यांना आम्ही सगळे निळ्या कपड्यांतले सारखेच दिसलो असणार, पण ते घरी जाऊन म्हणाले, पाहिली बुवा पोरगी. ते आता नाहीत आणि मला ते कुंपण अजून बोचतं.

मी निवृत्त झाले आणि जालन्याच्या बाहेर धावपट्टीवर वैमानिक घडवणारी एक छोटी शाळा सुरू झाली. त्यांना विमानांची उड्डाणयोग्यता सांभाळायला माणूस हवा होता. मी भोकरदनहून एसटीनं जायला लागले. चार माणसं बसतील एवढी चिमुकली विमानं, पुढं एक पंखा. माझा जोडीदार जमीलभाई, हाही परवान्याचा इंजिनिअर, मूळचा जालन्याचाच. आणि शिकवायला कॅप्टन देशमुख, आवाज मोठा, मन मोठं आणि धीर अंमळ कमी.

या शाळेत दत्तूभाऊंची मुलगी प्रतीक्षा शिकत होती. अंगानं काटकुळी, पण विमानाभोवती फिरताना नजर अशी धारदार की मला ती पहिल्या दिवसापासून आवडली. वैमानिकाच्या शिक्षणात पहिलं एकट्याचं उड्डाण ही मोठी गोष्ट. शिक्षक खाली उतरतो, दार लावतो आणि म्हणतो, जा. धावपट्टीभोवती एक फेरी मारायची आणि उतरायचं, बस. तेवढ्या फेरीत माणूस बदलतो.

प्रतीक्षाचं हे उड्डाण दोनदा ठरलं आणि दोनदा मोडलं. पहिल्यांदा वाऱ्यानं. दुसऱ्यांदा माझ्यामुळं, पुढच्या चाकाचा दांडा मला सैल वाटला आणि मी विमान थांबवलं. दोन्ही वेळा दत्तूभाऊ राजूरहून नारळ घेऊन आले होते आणि तसेच परत गेले होते. दुसऱ्या वेळी जाताना ते मला म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. पण तिसऱ्या टायमाला अडलं तर मी पोरीला वापस नेणार. तीनदा अडलं म्हणजे बाप्पाच्या मनात न्हाई, बराबर?" प्रतीक्षा शेजारीच उभी होती. तिनं खाली पाहिलं. बाप दुष्ट नव्हता. घाबरलेला होता आणि त्या घाबरण्याला त्यानं देवाचं नाव दिलं होतं. पण बोलला ते करणारा माणूस होता, हे तिला आणि मलाही माहीत होतं.

तिसरा दिवस ठरला तो दसऱ्याचा. दत्तूभाऊंनीच मागून घेतला. सणाच्या दिवशी देवळासमोरचं दुकान बंद ठेवून आले ते!

दसरा आमच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, मोठा असतो. मी सकाळी पांढरं नेसून, विहारात जाऊन, वंदना करून मग कपडे बदलून कामावर येते. बाकीची मंडळी हत्यारांची पूजा करतात. माझी त्याला मुळीच हरकत नाही, फक्त नियम माझे. हत्यारं टेबलावर, पूजा टेबलावर, झाली की पुसून प्रत्येक हत्यार फळीवर आपापल्या रंगवलेल्या आकारात परत. आपट्याची पानं गेटबाहेर वाटायची, कारण पान उडून इंजिनात गेलं तर ते सोनं फार महागात पडतं. आणि विमानाला बोट लावायचं नाही. हे सगळं मी सकाळी सगळ्यांना दरडावून सांगितलं. दत्तूभाऊ आले दुपारनंतर.

तेव्हा प्रतीक्षा कॅप्टनबरोबर सरावाच्या फेऱ्या मारून नुकतीच उतरली होती. विमान हँगरसमोर उभं, इंजिन बंद. आता ती एकटी जाणार होती. ती पाणी प्यायला आत आली, कॅप्टन कागद पुरे करायला बसले, मी आणि जमीलभाई दुसऱ्या विमानाच्या चाकाशी होतो. थोड्या वेळानं ती बाहेर गेली, विमानाभोवती रिवाजाप्रमाणे फेरी मारून तपासलं, आत बसली. इंजिन सुरू झालं. मी हात पुसत बाहेर आले आणि दत्तूभाऊंच्या शेजारी उभी राहिले. विमान धावपट्टीच्या टोकाकडं जाऊ लागलं. कॅप्टन हातात वायरलेस धरून पुढं उभे.

मला काय आनंद झाला होता! आमच्या छोट्या शाळेत पालकांना आत येता यायचं, म्हणून या माणसाला कुंपणाबाहेर उभं राहावं लागलं नव्हतं. तो माझ्या शेजारी उभा राहून आपल्या मुलीला बघणार होता.

"भाऊ, घाबरलात का?" मी विचारलं.

"बिलकुल न्हाई." ते छाती फुगवून म्हणाले. "आता काई होत न्हाई. बाप्पाचा शेंदूर लावून आल्तो मी तिला."

"पोरीला?"

"इमानाला."

माझे कान टवकारले. "कुठं लावला?"

"ती गोल चकती न्हाई का बाजूनं, दाराच्या पुढं? कंपनीनं टिळ्याला जागाच करून ठेवली हाय पहा, काय कारागिरी हाय! पण वॉचमन वरडला, डाग पडंल म्हणून. मंग मी जल्दी जल्दी उपरण्यानं घासून पुसून टाकला. साफ केला एकदम. देवाला तर पोचलाच न."

उपरण्याचं टोक केशरी होतं.

मी धावले. माझ्या गुडघ्यांना त्या दिवशी काय झालं होतं कुणास ठाऊक, पण मी धावले आणि ओरडले, "कॅप्टन, थांबवा! थांबवा तिला!"

विमान धावपट्टीवर सरळ होऊन उभं राहिलं होतं. इंजिनाचा आवाज चढू लागला होता. कॅप्टननी मला काही विचारलं नाही, हे त्यांचं मोठेपण. वायरलेस तोंडाशी नेऊन त्यांनी थांबायचा हुकूम सोडला. तो एक क्षण, आवाज अजून चढतोच आहे असं वाटत होतं, आणि मग तो खाली आला. विमान जागच्या जागी थांबलं. मी मोठ्यानं हसले, कशाला हसले ते आजही सांगता येणार नाही.

आता ती चकती काय असते ते सांगते. वर जावं तशी हवा विरळ होते. विमानाच्या अंगावर एक चकती असते, तिच्यात बारीक भोक. त्या भोकातून बाहेरच्या हवेचा दाब नळीवाटे आतल्या काट्यांपर्यंत जातो आणि त्यावरून विमानाला कळतं, आपण किती उंच आहोत, किती वेगानं जातोय, चढतोय की उतरतोय. तो विमानाचा कानच म्हणा. कान बुजला तर उंचीचा काटा हलत नाही आणि वेगाचा काटा खोटं बोलतो. मुरलेला वैमानिक तशातही निभावून नेतो, त्यासाठी आत दुसरी सोयही असते. पण पहिल्यांदा एकटी गेलेली मुलगी, जिचा अर्धा जीव त्या काट्यांवर? तेलात कालवलेला शेंदूर बोटानं दाबून लावला आणि वरून उपरण्यानं घासला, म्हणजे तो भोकात ठासूनच बसला. वरून चकती लख्ख, आणि आत बूच!

विमान परत आलं. प्रतीक्षा उतरली, तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, मी बघितलं होतं न तिथं."

"चकती बघितलीस बाई. भोक न्हाई बघितलं."

तिनं मान हलवली. रडली नाही. दत्तूभाऊ मात्र मागं सरकले होते. त्यांना अजून पुरतं कळलं नव्हतं, एवढंच कळलं होतं की पुन्हा अडलं. "तिसऱ्या टायमाला अडलं," ते म्हणाले. "बस झालं. प्रतीक्षा, चाल गाडीत बस."

"बाबा..."

"चाल म्हणलं न."

मी मधे उभी राहिले. "भाऊ, बाप्पानं न्हाई अडवलं. म्या अडवलं. माझ्याशी भांडा काय भांडायचं ते. उजेड हाय तवर मला टाईम द्या. उजेडात झालं तर ती जाईल, न्हाई झालं तर तुमची मर्जी."

त्यांनी गाडीकडं टाकलेलं पाऊल मागं घेतलं. तोच होकार समजून मी जमीलभाईला हाक मारली आणि आम्ही विमान हँगरमध्ये ओढलं.

आता पाहा, माणसाचा स्वभाव कसा असतो! दत्तूभाऊ चकतीपाशी आले, वाकले आणि तोंडाचा चंबू करून म्हणाले, "मी फुकून काढू का? फवारणीचा नोजल बुजला की आम्ही असाच फुकितो, बराबर निघतो." तोंड चकतीला लागणार तोच मी अशी किंचाळले की हँगरच्या पत्र्यावरचे पारवे उडाले. त्या नळीच्या दुसऱ्या टोकाला नाजूक काटे असतात. आतून जोडलेले असताना फुंकर मारली तर कानाचा पडदा फाटावा तसं व्हायचं. कॅप्टनही तिकडून म्हणत होते, कॉम्प्रेसरची हवा मारा, मिनिटभराचं काम आहे. मी त्यांना म्हटलं, "कॅप्टन, तुम्ही चहा प्या." जमीलभाई हसून म्हणाला, "दोनो कू भाईर काढू का मॅडम?"

कुणालाच बाहेर काढलं नाही. उलट मी दत्तूभाऊंना विमानाच्या दाराशी उभं केलं. प्रतीक्षा आत बसली. आमच्याकडे एक तपासणीयंत्र असतं, ते त्या भोकावर बसवून हळूहळू हवा ओढायची, म्हणजे जमिनीवर उभ्या विमानाला वाटतं आपण वर चढतोय. जमीलभाईनं हवा ओढली. आमच्या यंत्राचा काटा चढू लागला, झाडांच्या वर, टेकड्यांच्या वर. विमानातला उंचीचा काटा होता तिथंच मेल्यासारखा पडून.

"भाऊ, हा आमचा काटा पहा. अन् आता आतला पहा."

त्यांनी एकदा इकडं पाहिलं, एकदा तिकडं. मग लेकीकडं पाहिलं. ती त्या न हलणाऱ्या काट्यासमोर बसली होती.

"म्हणजे ही वर राह्यली असती," ते सावकाश म्हणाले, "अन् हे तिला म्हणलं असतं का तू खालीच हाय?"

"व्हय."

त्यांनी उजवा हात मुठीत मिटून पाठीमागं नेला. केशरी बोट त्या मुठीत होतं. त्यानंतर बराच वेळ मी ती मूठ उघडलेली पाहिली नाही.

कामाला लागलो. आधी काट्यांच्या पॅनेलच्या मागून नळी सोडवली, म्हणजे काटे सुरक्षित. मग मऊ लाकडाची काडी, मंजूर असलेलं रसायन, पांढरं कापड. भोकाची कड खरवडता येत नाही, कड बिघडली तर काटे जन्मभर चुकीचं सांगणार. थोडंथोडं भिजवायचं, थोडंथोडं उचलायचं. शेवटी आतून बाहेर अगदी हलकी हवा सोडली आणि पांढऱ्या कापडावर केशरी कण पडला, मोहरीएवढा. जमीलभाई टाळी वाजवून ओरडला, "आला रे भाईर!" आम्ही सगळ्यांनी तो कण वाकून वाकून पाहिला. एवढासा तो, आणि सगळ्यांना कामाला लावलं होतं.

नळी जोडली. आता गळती तपासायची. आपण जोड उघडला की तो नीट बसला याची खात्री आपणच द्यायची, तो नियम. हवा ओढली, झडप बंद केली. या वेळी आतला काटा झक्क वर चढला! प्रतीक्षानं आतून आरोळी ठोकली. आणि आमच्या डोळ्यांदेखत तो काटा हळूहळू घसरू लागला.

गळती. जोडातलं रबरी कडं, ओरिंग म्हणतात त्याला, जुनं होऊन कडक झालं होतं. उघडेपर्यंत निमूट बसून होतं, उघडल्यावर रुसलं. बाहेर उन्हं कलली होती. कॅप्टन घड्याळ बघत होते आणि एक शब्द बोलत नव्हते, त्यांच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल!

दत्तूभाऊ पुढं आले. "असला वायसर जालन्यात पंपाच्या दुकानात भेटतो मॅडम. हा गेलो अन् हा आलो."

त्यांना मदत करायची होती, काहीही करून. पण आमच्याकडे पार्ट दिसायला सारखा असून भागत नाही. तो कुणी बनवला, कधी बनवला, कुठून कुठं आला, कुणी तपासला हे सगळं त्याच्याबरोबर यावं लागतं. मी जयभीमवाली बाई. माणसाचं कूळ विचारणारा माझ्या दारात उभा राहू शकत नाही. पण पार्टचं कूळ मी त्याच्या जन्मापासून विचारते आणि नसेल तर घरात घेत नाही. हे मी भाऊंना सांगितलं. इतक्या गडबडीत ते पहिल्यांदा हसले. "पार्टाचं विचारावंच लागंल," ते म्हणाले, "पोरगी त्याच्या घरी द्यायलोय."

जमीलभाई स्टोअरमधून बंद पाकीट घेऊन आला. मी त्यावरचं लेबल वाचलं, नंबर जुळवला, रबराची मुदत पाहिली. सगळं बरोबर. नवं कडं बसवलं, जोड कसला. आता मी कसलेला जोड मीच तपासून चालत नाही, दुसऱ्याची नजर लागते. जमीलभाई आडवा होऊन पॅनेलखाली गेला, बॅटरी तोंडात धरून. तो बाहेर येईपर्यंत कुणी हललं नाही. "पक्का," तो म्हणाला.

पुन्हा हवा ओढली. काटा चढला. झडप बंद. आम्ही सगळे विमानाच्या दाराशी डोकी घालून त्या काट्याकडं पाहत होतो, मी, जमीलभाई, कॅप्टन, दत्तूभाऊ. काटा थांबला आणि थांबूनच राहिला. मिनिट संपलं तरी हलला नाही. मला त्या काट्याचा मुका घ्यावासा वाटला!

हत्यारं मोजून फळीवर. झाकणं जागेवर. मी पेन उघडलं आणि नेहमीसारखी एक क्षण थांबले. दत्तूभाऊ माझ्याकडं बघत होते.

"ही सही केली म्हणजे ती वापस येतीच, आसं हाय का?" त्यांनी विचारलं.

"तसं कुणीच लिहून देऊ शकत न्हाई भाऊ. सहीचा अर्थ एवढाच, का हे इमान जसं पाहिजे तसं हाय, म्या माझ्या डोळ्यानं पाह्यलं, अन् माझी पोरगी असती तर तिलाही ह्याच्यात बसवलं असतं."

"मंग करा," ते म्हणाले.

मी सही केली. "रिलीज," मी कॅप्टनना म्हटलं, आणि हा शब्द मी जन्मात इतक्या जोरात म्हटला नसेल.

प्रतीक्षानं पुन्हा फेरी मारली. चकतीपाशी आली, गुडघ्यावर बसली आणि बॅटरी लावून त्या भोकात बघितलं. मग माझ्याकडं वळून अंगठा दाखवला. कॅप्टननी दार लावलं आणि म्हणाले, "जा."

कललेल्या उन्हात ते पांढरं विमान धावू लागलं. आवाज चढला, चढला, या वेळी उतरला नाही. चाकं उचलली गेली आणि खाली फक्त सावली धावत राहिली. ती वर! एकटी! मी आणि जमीलभाई लहान पोरांसारखे उड्या मारत होतो. दत्तूभाऊंनी वर पाहिलंच नाही. ते खाली मान घालून उभे होते, मूठ पाठीमागं.

"काटा चालू असंल का मॅडम?"

"चालू हाय भाऊ. वर पहा."

"तुम्ही पहा. मला सांगा."

मग मी सांगत राहिले. आता वळली. आता लांब गेली, त्या बाभळीच्या पलीकडं. आता परत वळली. आता समोर आली. खाली येतेय, सरळ आहे, पंख सरळ आहेत. चाकं टेकली, एक हलकी उडी, पुन्हा टेकली. "उतरली, भाऊ! उतरली!" तेव्हा कुठं त्यांनी मान वर केली आणि विमान थांबेपर्यंत डोळ्यांची पापणी हलवली नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला धावड्याचे मास्तर आठवत होते, तारेपलीकडं उभे राहिलेले.

पहिल्या एकट्या उड्डाणानंतर वैमानिकाच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतायची आमच्याकडे पद्धत आहे. कॅप्टननी ती मन लावून पाळली. चिंब भिजलेली प्रतीक्षा तशीच धावत बापाकडं आली. दत्तूभाऊ दोन पावलं मागं सरले.

"थांब," ते म्हणाले. "हात नको लावू. थांब जरा."

ती थबकली. तिच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच अडकून राहिलं. भाऊ वळले आणि हँगरमधल्या आमच्या बेसिनपाशी गेले. तिथं वंगण काढायचा खरखरीत साबण असतो. त्यांनी तो दोन्ही हातांना चोळला, बोटांच्या बेचक्यांत, नखांत. धुतले, पुन्हा साबण घेतला, पुन्हा धुतले. केशरी पाणी जाऊन साधं पाणी यायला लागलं तरी ते थांबेनात. शेवटी जमीलभाईनं फळीवरचं पांढरं कापड पुढं केलं, त्यावर हात पुसले आणि कापड उलटसुलट करून पाहिलं.

मग ते माझ्यासमोर आले आणि दोन्ही हात पुढं केले. आधी तळवे, मग पालथे. मी खरंच तपासले, नखं सुद्धा, कारण तो माणूस थट्टा करत नव्हता.

"मॅडम," ते म्हणाले, "रिलीज द्या."

"दिला," मी म्हटलं.

ते वळले, आणि मग त्यांनी लेकीचं ओलं डोकं दोन्ही हातांत धरलं.